जुने विमान घेताना
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्ञातीच्या व्यासपीठावरून शिष्यवृत्त्या, वधूवरसूचक कार्य, वसतिगृहाची इमारत असे विषय बोलले जावेत हे रीतीला धरून आहे. विमान विकत घेण्याचा विषय येथे कोठून आला, असे पुष्कळांस वाटेल. तेव्हा प्रथम त्याचेच कारण सांगतो.

आमच्या नोकरीची तीसएक वर्षे अमेरिकेत लहान विमानांच्या तपासणीत व दुरुस्तीत गेली. त्या काळात आपल्या ज्ञातीतील, आणि एकंदर मराठी समाजातील, अनेक तरुण तेथे स्थिरावले. कोणी डॉक्टर झाले, कोणी इंजिनिअर, कोणी स्वतःचा धंदा काढला. हाताशी पैसा आला आणि त्यांतील काहींनी हौसेने विमान चालविण्याचा परवाना मिळविला. त्या देशात लोकांस खुले असे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत. गावे दूरदूर, आगगाडीची सोय बेताची. अशा ठिकाणी स्वतःचे विमान असणे म्हणजे केवळ चैन नव्हे. परवाना मिळाला की दोन-तीन वर्षांत मंद गतीच्या शिकाऊ विमानाचा कंटाळा येतो आणि अधिक वेगाचे, अधिक शक्तीचे, परंतु जुने आणि म्हणून आवाक्यातले विमान घेण्याचा बेत होतो. मुलगा तिकडून दूरध्वनीवर ही वार्ता सांगतो आणि इकडे आईवडिलांच्या तोंडचे पाणी पळते. होय म्हणावे की नको म्हणावे हे त्यांस समजत नाही, कारण काय विचारावे हेच ठाऊक नसते. ते विचारता यावे, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

एका इंजिनाच्या विमानाविषयी आपल्याकडे उगाचच धास्ती आहे. १९३२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूस उतरले, ते एका इंजिनाच्या विमानातूनच. इंजिन एक की दोन, यापेक्षा ते कसे ठेवले आहे आणि विमान कोणाच्या हाती आहे, हे प्रश्न मोठे आहेत.

आता विषयाची व्याख्या करू. अमेरिकेच्या सरकारी नियमाप्रमाणे ज्या विमानाचे इंजिन दोनशे अश्वशक्तीहून अधिक आहे ते उच्च क्षमतेचे विमान होय. ज्या विमानाची चाके उड्डाणानंतर आत ओढली जातात, ज्यास पंखांच्या फडक्या आहेत आणि ज्याच्या पुढच्या पंख्याच्या पात्यांचा कोन बदलता येतो, त्यास जटिल विमान म्हणतात. आम्ही ज्यांविषयी बोलणार ती विमाने बहुधा दोन्ही प्रकारांत मोडतात. ती चालविण्यापूर्वी साध्या परवान्याखेरीज शिक्षकाकडून वेगळे प्रशिक्षण घेऊन त्याची नोंद आपल्या उड्डाणवहीत करवून घ्यावी लागते. ही झाली कायद्याची किमान अट. ती पुरेशी आहे की नाही, याचा विचार पुढे करू.

नवे सोडून जुनेच विमान का घ्यावे, असेही कोणी विचारील. त्यामागे एक इतिहास आहे. १९७८ साली अमेरिकेतील कारखान्यांनी सतरा हजारांहून अधिक लहान विमाने बांधली. पुढे मंदी आली, आणि कितीही जुन्या विमानाच्या अपघाताबद्दल कारखानदारावर दावा लागू लागला, त्यामुळे विम्याचा व न्यायालयाचा खर्च असह्य झाला. सेस्ना कंपनीने १९८६ साली दट्ट्याच्या इंजिनाची लहान विमाने बांधणे थांबविले. १९९४ साली साऱ्या देशाचे उत्पादन एक हजाराच्याही खाली आले. त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने कायदा करून अठरा वर्षांपेक्षा जुन्या लहान विमानाबद्दलची कारखानदाराची जबाबदारी बहुतांशी संपविली, तेव्हा धंद्यात पुन्हा जीव आला. परंतु मधली पोकळी भरून निघाली नाही. त्यामुळे बाजारात जी वेगवान विमाने विकावयास येतात त्यांतील पुष्कळ चाळीस, पन्नास, साठ वर्षांची आहेत. आपल्या मुलापेक्षा त्याचे विमान वयाने वडील असणे ही तेथे नित्याची गोष्ट आहे.

या सर्वांत ज्याचे नाव प्रथम घ्यावे असे विमान म्हणजे बीचक्राफ्ट कंपनीचे बोनान्झा. वॉल्टर बीच आणि त्यांच्या पत्नी ऑलिव्ह ॲन बीच यांनी १९३२ साली कॅन्सस राज्यातील विचिटा येथे ही कंपनी काढली. बोनान्झाचे पहिले उड्डाण १९४५ सालच्या डिसेंबरात झाले आणि १९४७ पासून ते ग्राहकांच्या हाती पडू लागले. निरनिराळ्या रूपांत त्याचे उत्पादन सात दशकांहून अधिक काळ चालले. त्याचे मूळ रूप दुरूनही ओळखू येई, कारण शेपटीस तीन पट्ट्यांऐवजी इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणे दोनच तिरप्या पट्ट्या होत्या. अशा शेपटीची दहा हजारांहून अधिक विमाने १९८२ पर्यंत बांधली गेली. अंग गुळगुळीत, चाके आत जाणारी, वेग त्या काळी थक्क करणारा. साहजिकच ते यशस्वी व्यावसायिकांचे आवडते विमान झाले. आणि त्याच विमानास अमेरिकन वैमानिकांनी एक भयंकर टोपणनाव दिले. त्याचा अर्थ, ‘डॉक्टरांचा काळ ठरलेले दुशेपटी विमान’.

हे नाव कां पडले, हे आपल्या समाजाने विशेष समजून घेतले पाहिजे. डॉक्टर म्हणजे येथे सर्व यशस्वी, सुविद्य, कामात बुडालेले लोक. त्यांच्यापाशी विमान घेण्यास पैसा होता, परंतु त्याचा सराव ठेवण्यास वेळ नव्हता. आपल्या धंद्यात निर्णय घेण्याची आणि ते निर्णय बरोबर ठरण्याची त्यांस सवय होती. सोमवारी सकाळी दवाखान्यात हजर असलेच पाहिजे, म्हणून रविवारी संध्याकाळी ढगांत शिरण्याचा मोह त्यांस आवरत नसे. मंद विमान अशा माणसास सावरून घेण्यास थोडा अवधी देते. वेगवान व निसरडे विमान तो देत नाही.

याविषयी एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठाने ज्यांस केवळ यंत्रांवरून विमान चालविण्याचे शिक्षण नव्हते असे वीस जण निवडले आणि बाहेरचे काही दिसणार नाही अशी योजना करून त्यांच्या हाती विमान दिले. हे विमान बोनान्झाच होते. विसांपैकी एकोणीस जणांचे विमान गिरक्या घेत खाली कोसळण्याच्या मार्गास लागले, आणि विसाव्याचे नाक इतके वर गेले की वेग संपला. विमान हाताबाहेर जाण्यास सरासरीने एकशे अठ्ठ्याहत्तर सेकंद लागले. तीन मिनिटेही नव्हेत. याचे कारण आपल्या कानांतील तोल राखणारे इंद्रिय. विमान हळूहळू कलले तर ते त्या इंद्रियास कळत नाही. वैमानिकास वाटते आपण सरळ चाललो आहोत, उंची तेवढी कमी होत आहे. म्हणून तो विमानाचे नाक वर ओढतो. विमान कललेले असल्यामुळे गिरकी अधिकच घट्ट होते आणि वेग वाढत जातो. जमेची बाजू अशी, की थोडक्या शिक्षणानंतर त्याच मंडळींपैकी बहुतेकांस ढगातून सुखरूप मागे वळता येऊ लागले. दोष बुद्धीचा नव्हता, शिक्षणाचा अभाव होता.

जुन्या बोनान्झाच्या शेपटीतही एक खरे वैगुण्य होते, हे सांगणे न्यायाचे होईल. १९५१ च्या नमुन्यापासून शेपटीच्या पट्ट्या रुंद करण्यात आल्या आणि त्यांची पुढची कड आधाराच्या तुळईपुढे बरीच निघाली. वेग मर्यादेपलीकडे गेला आणि वैमानिकाने घाबरून जोराने नाक ओढले, तर ती कड दुमडून शेपटी मोडे. असे अपघात वर्षानुवर्षे होत राहिले. अखेर १९८७ साली सरकारी आदेशाने त्या कडेस मुळाशी धातूचा जोड देऊन बळकटी आणणे सक्तीचे झाले, आणि अशा अपघातांस मोठा आळा बसला. यंत्रातील वैगुण्य शोधून दूर करता येते. चालविणाराच्या सवयींस असा जोड बसविता येत नाही.

आता प्रत्यक्ष खरेदीकडे वळू. आपल्याकडे जमीन घेणारा शहाणा मनुष्य प्रथम पीक पाहत नाही, सातबारा पाहतो. इतर हक्कांच्या रकान्यात कोणाचा बोजा आहे, फेरफार कसे झाले, कोणा बहिणीची सही राहिली आहे काय, हे तपासतो. विमानाचेही तसेच आहे. अमेरिकेतील प्रत्येक विमानाच्या मालकीची नोंद ओक्लाहोमा सिटी येथील सरकारी दप्तरात होते. विक्रीखत, बँकेचे कर्ज, थकलेल्या दुरुस्तीबद्दल कोणी सांगितलेला हक्क, हे तेथे शोधता येते. हा शोध घेणाऱ्या संस्था आहेत व त्यांची फी विमानाच्या किमतीपुढे नगण्य आहे. व्यवहाराची रक्कम सरळ विक्रेत्याच्या हाती न देता विश्वासू तिऱ्हाइताकडे ठेवावी आणि कागद पुरे झाल्यावरच ती सुटावी, अशी तेथील प्रशस्त रीत आहे.

आपल्या मुलांच्या दृष्टीने यात एक महत्त्वाची मेख आहे. तेथे स्वतःच्या नावावर विमान नोंदविण्यास त्या देशाचे नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना लागतो. नुसत्या नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्यास ते आपल्या नावे करता येत नाही. विश्वस्तामार्फत नोंदणी करण्याचा कायदेशीर मार्ग आहे, पण तो जाणत्या वकिलाच्या सल्ल्याने, पैसे देण्यापूर्वी आखावा लागतो. बयाणा देऊन झाल्यावर हा नियम ठाऊक होणे फार महाग पडते.

मालकी स्वच्छ असल्याची खात्री झाली म्हणजे विमानाच्या नोंदवह्या पाहाव्यात. विमानाच्या अंगाची एक, इंजिनाची एक, पंख्याची एक, अशा या वह्या असतात. आपण स्थळ पाहताना कुळशील विचारतो आणि पत्रिका मागतो. विमानाचे कुळशील म्हणजे या वह्या. विमान किती तास उडाले, कोठे राहिले, केव्हा आपटले, काय बदलले, कोणी बदलले, हे सारे त्यांत असावयास हवे. मोठी दुरुस्ती किंवा फेरबदल झाला असेल तर त्याचा वेगळा सरकारी नमुना भरलेला असतो, त्याची नक्कल मागावी. सरकारने त्या जातीच्या विमानासाठी वेळोवेळी जे सक्तीचे आदेश काढले, त्यांतील प्रत्येकाची पूर्तता केव्हा आणि कशी झाली, हे एकेक करून ताडून पाहावे. मधल्या दहा वर्षांची वही गहाळ असली तर विक्रेता कितीही सज्जन असो, किंमत उतरलीच पाहिजे. कारण आपण जे विकत घेतो ते केवळ ॲल्युमिनियम नव्हे, त्याचा इतिहास घेतो.

वहीत एखाद्या वर्षी नवा पंखा आणि पोटाखालचे नवे पत्रे एकाच वेळी बसविलेले दिसले, तर चाके बाहेर न काढता विमान उतरले होते असे समजावे. हा प्रकार विरळा नाही. त्यावरून विमान टाकाऊ ठरत नाही. मात्र फिरता पंखा जमिनीस लागला की आतील क्रँकशाफ्टवर आघात होतो, म्हणून त्या वेळी इंजिन उघडून तपासले होते की नाही, हे वहीत सापडलेच पाहिजे. जुन्या बोनान्झांत चाकांची कळ आणि फडक्यांची कळ इतर विमानांच्या उलट बाजूंस होती. त्यामुळे जमिनीवर धावताना फडक्या मिटण्याऐवजी चाकेच मिटल्याचे प्रसंग घडले. हे आधी ठाऊक असलेला नवा मालक सावध राहतो.

इंजिनाविषयी सामान्य माणसाचा एक गैरसमज असतो. मोटारीप्रमाणे तास कमी तितके इंजिन चांगले, असे त्यास वाटते. बोनान्झात असलेल्या काँटिनेंटल कंपनीच्या २८५ अश्वशक्तीच्या इंजिनास सतराशे तासांनंतर संपूर्ण उघडून नवे करण्याची शिफारस आहे. जाहिरातीत ‘इंजिन केवळ चारशे तासांचे’ असे वाचून ग्राहक हुरळतो. परंतु ते चारशे तास वीस वर्षांत मिळून झाले असतील, तर ते इंजिन वर्षातून वीस तास चालले आणि उरलेला सर्व काळ दमट हँगरात उभे राहिले. बंद घरास वाळवी लागते, तसा बंद इंजिनास गंज लागतो. सिलिंडरच्या भिंती, कॅमशाफ्ट, तेल न पोचणारे भाग आतून खराब होतात. दर आठवड्यास उडालेले हजार तासांचे इंजिन वापराविना पडलेल्या चारशे तासांच्या इंजिनापेक्षा पुष्कळदा निरोगी निघते.

इंजिनाची परीक्षा करण्याची साधने साधी आहेत. प्रत्येक सिलिंडरमध्ये ऐंशी पौंड दाबाची हवा सोडतात आणि त्यातली किती टिकते ते पाहतात. बहात्तर टिकली तर उत्तम. त्याहून कमी टिकली तर ती कोठून निसटते हे अधिक महत्त्वाचे असते. धूर बाहेर टाकणाऱ्या व्हॉल्व्हमधून निसटत असेल तर तो व्हॉल्व्ह जळत आला आहे. मग स्पार्क प्लगच्या भोकातून बारीक दुर्बीण आत घालून तो व्हॉल्व्ह डोळ्यांनी पाहावा. त्याच्यावरील रंगाची वलये मध्यावर, एकसारखी गोल असतील तर तो सुस्थितीत आहे. एका कडेला सरकली असतील तर नाही. तेलाची गाळणी कापून तिच्यात धातूचे कण आहेत काय ते पाहावे आणि तेलाचा नमुना प्रयोगशाळेत धाडावा.

विमानाच्या अंगाचा मोठा शत्रू गंजच. फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर राहिलेले विमान आणि ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत राहिलेले विमान, यांत रंग सारखा असला तरी अंतर फार असते. बोनान्झाच्या दुशेपटीच्या हलत्या पट्ट्यांवर मॅग्नेशियमचा पातळ पत्रा असतो. तो गंजला तर नवा मिळणे दुष्कर होऊन बसले आहे. पट्ट्यांस रंग दिल्यावर त्यांचा तोल पुन्हा साधावा लागतो, तो साधला होता की नाही हे वहीत पाहावे. दोन्ही पंखांस जोडून धरणारी जी तुळई विमानाच्या पोटातून जाते, तिला तडे गेल्याचे आढळल्याने तिच्या तपासणीचाही आदेश आहे. ही काळजी एका बोनान्झापुरती नाही. सेस्ना २१० या उत्तम विमानाचा पंख २०१९ साली ऑस्ट्रेलियात हवेतच तुटून दोघे दगावले, आणि २०२० साली त्या जातीच्या विमानांच्या तुळईची तपासणी सक्तीची झाली. मूनी विमानांत पेट्रोल पंखाच्या पोकळीतच भरलेले असते, तेथे जुने लुकण सुटून गळती लागते. नव्या जमान्यातील सिरस विमानास संकटसमयी सबंध विमान खाली आणणारी हवाई छत्री आहे, पण ती दर दहा वर्षांनी बदलावी लागते आणि तो खर्च किरकोळ नाही. प्रत्येक घराण्याचा एखादा रोग असतो, तसा प्रत्येक जातीच्या विमानाचा असतो. तो आधी माहीत करून घ्यावा.

म्हणून खरेदीपूर्वीची तपासणी त्या जातीची विमाने नित्य हाताळणाऱ्या कारागिराकडूनच करवावी, आणि तो विक्रेत्याचा नेहमीचा कारागीर नसावा. विक्रेता म्हणेल, ‘गेल्याच महिन्यात वार्षिक तपासणी झाली आहे.’ होऊ द्या. ती त्याने त्याच्यासाठी केली, आपली आपण करावी. आधी लेखी करार व्हावा, त्यात दोष निघाल्यास दुरुस्ती कोणी करावयाची आणि कोणत्या परिस्थितीत व्यवहार मोडून बयाणा परत मिळावयाचा, हे स्पष्ट असावे. मग जे दोष निघाल्यास व्यवहारच सोडून द्यावा लागेल, ते प्रथम शोधावेत. तुळई, गंज आणि इंजिन पाहण्यापूर्वी खुर्च्यांच्या कातड्याची आणि नव्या चकचकीत पडद्यांची चर्चा करू नये. ज्या दिवशी विमान पाहून मन त्यावर जडते, त्या दिवशी ते घेऊ नये. मोहात पडलेल्या डोळ्यांस गंज दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. विमानात खुर्च्या सहा आहेत म्हणून माणसे सहा बसत नाहीत. पूर्ण पेट्रोल भरल्यावर वजनाची किती मुभा उरते, याचे गणित प्रत्येक उड्डाणास करावे लागते. शिवाय दुशेपटी बोनान्झात पेट्रोल पंखांच्या पुढच्या भागात असल्यामुळे ते जसजसे जळते तसतसा वजनाचा मध्य मागे सरकतो. निघताना ठीक असलेला तोल उतरताना बिघडू शकतो. इकडून आईवडील भेटीस गेले, जड पेट्या मागच्या कप्प्यात टाकल्या आणि सर्व कुटुंब हौसेने फिरावयास निघाले, तर याच ठिकाणी घात होतो. मुलाने ‘आई, तुझी पेटी आज मोटारीने येईल’ असे म्हटले तर मातेने त्याचा राग मानू नये. असे म्हणणारा मुलगा भरवशाचा वैमानिक आहे असे समजावे.

खर्चाचा हिशेब थोडक्यात मांडतो. आकडे उदाहरणादाखल आहेत. समजा इंजिन नवे करण्यास साठ हजार डॉलर पडतात. सतराशे तासांवर ते विभागले तर तासास सुमारे पस्तीस डॉलर होतात. पेट्रोल तासास पंधरा गॅलन आणि गॅलनचा भाव सहा डॉलर धरला तर नव्वद. वर्षास शंभर तास उडविले तर या दोन बाबींचेच साडेबारा हजार झाले. हँगरचे भाडे, विमा, वार्षिक तपासणी, यंत्रांची दुरुस्ती हे सर्व वेगळे, आणि त्यांपैकी बरेचसे विमान जागचे न हलले तरी द्यावेच लागते. ज्याने खरेदीच्या दिवशी सर्व शिल्लक संपविली, तो पहिल्याच वार्षिक तपासणीस दुरुस्ती पुढे ढकलू लागतो. हत्ती घेण्यास पैसा लागतो, पण पोसण्यास अधिक लागतो. दोघा-तिघांनी मिळून विमान घेणे हा शहाणपणाचा मार्ग आहे, परंतु सामाईक विहिरीचे तंटे आपणांस ठाऊक आहेत. करार लेखी असावा.

आता मघाशी बाजूस ठेवलेल्या प्रश्नाकडे येतो. कायद्याची किमान अट पुरेशी आहे काय?

१९९९ सालच्या जुलैत अमेरिकेचे दिवंगत अध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव आपली पत्नी आणि मेहुणी यांसह न्यू जर्सीहून मार्थाज् व्हिन्यर्ड बेटाकडे स्वतःच्या विमानाने निघाले. विमान पायपर कंपनीचे साराटोगा, १९९५ साली बांधलेले, तीनशे अश्वशक्तीचे, एका इंजिनाचे. ते त्यांनी त्याच वर्षी, काही आठवड्यांपूर्वी घेतलेले होते. रात्र, समुद्र, आणि हवेत धुके. किनाऱ्याचे दिवे दिसेनासे झाले. विमान गिरक्या घेत समुद्रात कोसळले आणि तिघेही गेले. चौकशीत यंत्रात अपघातास कारण ठरावा असा दोष आढळला नाही. समुद्रावर, अंधारात, वैमानिकास दिशेचे व तोलाचे भान राहिले नाही, असा निष्कर्ष निघाला. विमान सुस्थितीत होते, कागद स्वच्छ होते, पैशाची ददात नव्हती. केवळ यंत्रांवरून उडविण्याचा परवाना मात्र त्यांनी अद्याप मिळविला नव्हता, आणि त्या विमानावर त्यांचे अवघे तीसपस्तीस तास झाले होते. १९५४ च्या प्रयोगाने जे दाखविले होते तेच पंचेचाळीस वर्षांनी घडले.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे की वेगवान विमान घेताना किमतीचा विचार दुसरा आणि वेळेचा पहिला करावा. ज्याला दर आठवड्यास, निदान पंधरवड्यास, दोन-तीन तास उडता येणार नाही, ज्याला पहिल्या वर्षी त्या जातीच्या विमानाचा अनुभवी शिक्षक शेजारी बसवून शिकण्यास सवड नाही, ज्याला यंत्रांवरून उडण्याचा परवाना घेण्याची आणि तो सरावात ठेवण्याची तयारी नाही, त्याने पैसा कितीही असला तरी हे विमान घेऊ नये. त्याने साधे, मंद, अचल चाकांचे विमान घ्यावे आणि आनंदाने उडावे. त्यात कमीपणा यत्किंचितही नाही. विमा कंपन्यासुद्धा नव्या मालकाकडून शिक्षकाबरोबरचे अमुक तास मागतात, ते त्यांच्या हिताचे असेल, पण आपल्याही हिताचे आहे.

एक गोष्ट पाहून आम्हांस नेहमी समाधान वाटे. १९६७ साली बोनान्झाच्या मालकांनी अमेरिकन बोनान्झा सोसायटी नावाची संस्था काढली. आपल्या विमानांचे दोष एकमेकांस सांगावे, जाणकारांकडून विमाने तपासून घ्यावी, नव्या मालकांस शिकवावे, असे तिचे कार्य. जन्माने नव्हे, विमानाने जमलेली ती ज्ञातीच होय. तिच्यात नवा येणारा माणूस, श्रीमंत असो की बेताचा, जुन्यांच्या अनुभवावर हक्क सांगू शकतो. आपल्या मुलाने विमान घेण्यापूर्वीच अशा संस्थेचा सभासद व्हावे.

वडील मंडळींनी मुलास आणि सुनेने नवऱ्यास विचारावयाचे प्रश्न आता आपोआप तयार झाले आहेत. मालकीचा शोध घेतला काय? वह्या सलग आहेत काय? तपासणारा कारागीर कोणाचा? इंजिन गेल्या वर्षी किती तास चालले? खरेदीनंतर शिल्लक किती राहते? आणि सर्वांत शेवटी, पण सर्वांत आग्रहाने: तुझ्या आठवड्यात यासाठी वेळ कोठे आहे? पहिल्या पाचांची उत्तरे कागदावर मिळतील. सहाव्याचे उत्तर त्याच्या रोजच्या जगण्यात पाहावे लागेल, आणि ते त्याच्या घरच्या माणसांइतके कोणास दिसत नाही. सहाव्याचे उत्तर प्रामाणिकपणे आले तर मग त्यास आडवू नये. आकाशात जाण्याची इच्छा वाईट नाही, आणि आपल्या मुलांनी ती धरावी याचा आपणांस अभिमानच वाटावा.

पोचल्याचा दूरध्वनी एक दिवस उशिरा आला, वाटेत ढग होते म्हणून मुलगा मधल्या गावी मुक्काम करून राहिला, असे कळले तर त्यास रागावू नका. त्या मुक्कामाचे कौतुक करा. घरात त्याचे कौतुक झाले म्हणजे पुढच्या वेळी ढग दिसताच मागे फिरणे त्यास सोपे जाईल.